मानाचं सांडपाणी

जयाआत्तीला वास येत नसे. फुलाचा नाही, फोडणीचा नाही, करपलेल्या दुधाचाही नाही. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत तोंडाला फडकं बांधून तिनं उमेदीची सगळी वर्षं जर्दा चाळला आणि त्या धुरळ्यानं तिचं नाक कायमचं नेलं. आवाज तेवढा ठेवला. फडक्यातून आणि चाळण्यांच्या खडखडाटातून पलीकडच्या बाईला ऐकू जायचं तर ओरडावंच लागे. वखार सुटली तरी ती सवय सुटली नाही. आत्ती कुणाच्या कानात काही सांगायला लागली की वेशीतली कुत्री उठून बसत.

अशा बाईनं गावच्या गटाराशी लढाई मांडली, हे ऐकून लोक हसतात. हसू दे. ज्यांना धडधाकट नाकं होती ते त्या गटारावरून रोज उडी मारून जात होते, आणि ज्या बाईला वासच येत नव्हता तिला लाज वाटली. आमच्या गावात हे असंच चालतं.

गाव म्हणजे हुणशेवाडी. निपाणीहून संकेश्वरला जाताना हायवे सोडून उसाच्या रानातून आत जावं लागतं. गाव उतरणीवर वसलेलं. वर पाटील गल्ली, मधे शेतकऱ्यांची गल्ली आणि सगळ्यात खाली आमची बौद्ध वस्ती. गाव वसवणाऱ्यांनी पाणी कुठं जाईल आणि वारा कुठं वाहील याचा फार बारकाईनं विचार करून मग कुणाला कुठं ठेवायचं ते ठरवलं असावं. त्यांच्या हुशारीचं कौतुक करणं मला कधी जमलं नाही.

वस्तीच्या तोंडाशी आमची विहीर. वरच्या विहिरीला आमच्या माणसांनी हात लावायची सोय नव्हती, त्या काळात आत्तीच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, चार भाऊबंदांना हाताशी धरून ती खणली. आजोबांचं नाव भीमाप्पा. ते आत्तीला म्हणायचे, "ही आपली हाय. हिला हात लावाय कुणाला इचारावं लागत न्हाय." नवरा वारल्यावर आत्ती वखार सोडून माहेरी परतली ती या विहिरीच्या भरवशावर. घर पडकं होतं, रान नव्हतं, पण दारात आपलं पाणी होतं.

त्र्याऐंशीच्या सुमारास गावात नळ आले. पाटील गल्लीत आले, मधल्या गल्लीत आले आणि मग पाइप संपले. आमचा नंबर पुढच्या टप्प्यात, असं सांगण्यात आलं. तो टप्पा कुठं अडकला ते कुणालाच सांगता येईना. नळ आल्यावर वरच्या लोकांना मात्र स्वच्छतेची भलतीच गोडी लागली. जो गडी बाजाराच्या दिवशी तेवढा अंघोळ करायचा, तो सकाळ-संध्याकाळ करू लागला. म्हशी दारात धुतल्या जाऊ लागल्या. भांडी दोनदा, अंगण तीनदा. आणि हे सगळं काळं, फेसाळ, शेणकट पाणी उतरणीनं नाचत खाली येऊन आमच्या विहिरीभोवती तळं करून बसलं. गाव जितकं स्वच्छ झालं तितकी आमची विहीर घाण झाली. पाण्यावर हिरवी साय धरली.

सत्त्याऐंशीत मंडल पंचायती आल्या आणि आमच्या मंडलाचे प्रधान झाले गुंडू पाटील. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला मानाशिवाय काही दिसत नसे. लग्नात पहिली अक्षता कुणाची, जत्रेत पहिला नारळ कुणाचा, यात त्याचा जन्म गेला. तर गुंडूअण्णांच्या पंचायतीत ठराव झाला की खालच्या वस्तीची विहीर रोगराईचं मूळ आहे, सबब पावसाळ्याआधी ती मुरूम टाकून बुजवावी, आणि नळ मंजूर होईपर्यंत वस्तीतल्या लोकांनी ओढ्याचं पाणी वापरावं. ठरावात गटाराचं नावसुद्धा नव्हतं. विहीर जणू आपल्या मनानंच नासली होती.

मी तेव्हा संकेश्वरच्या एका शाळेत नव्यानं शिक्षिका झाले होते आणि रविवारी घरी यायची. आत्तीनं मला धरून चावडीत नेलं.

"गुंडूअण्णा," ती म्हणाली, आणि चावडीच्या कौलावरची कबुतरं उडाली, "हीर बुजवणार म्हंजी काय? घाण तुमची, हीर आमची, आन बुजवायची हीर?"

"जयाबाई, पाण्याला वास मारतोय," गुंडूअण्णा म्हणाले. "तुला येत न्हाय, त्याला मी काय करू?"

सगळी चावडी हसली. माझ्या कानशिलात गरम झालं. आत्तीला मात्र काही झालं नाही. तिनं हसणं संपेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, "मग वास घालवला तर हीर ऱ्हाईल?"

"घालव की," गुंडूअण्णा म्हणाले. "वैशाख संपस्तवर घालव. न्हायतर ट्रॉली येणार." फुकट देता येतं ते देण्यात पाटलांचा हात सढळ होता.

आता वास घालवायचा तर तो आहे की गेला हे कळायला हवं. त्यासाठी आत्तीनं मष्णूआप्पाची नेमणूक केली. मष्णूआप्पा आमच्या वस्तीतला म्हातारा, डोळ्यानं अधू, पण नाक असं की गटाराकाठी उभा राहून कुणाच्या घरी काय शिजलं ते सांगायचा. "हे पाटलांच्या थोरल्या पातीचं पाणी. मटण झालंय. आन पाव्हणं आल्यात, साबण वासाचा हाय." वरच्या गल्लीत एकादशीला कोण काय खातं हे मष्णूआप्पाला ठाऊक झाल्यापासून लोक त्याला जरा आदरानं वागवू लागले.

नाकाची सोय झाली, पण उपाय सुचत नव्हता. तो आणला कृष्णातनं. कृष्णात मधल्या गल्लीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, बेळगावच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवायचा. दिवाळीला गावी आला तेव्हा गटार ओलांडताना पाय घसरून गुडघ्यापर्यंत आत गेला. दुसरा कुणी असता तर शिव्या देत पाय धुवायला गेला असता. हा तिथंच उभा राहून उतार बघत बसला. आत्तीनं पाय धुवायला पाणी दिलं आणि त्याला बसवूनच घेतलं.

"आक्का, ह्यात अवघड काय न्हाय," कृष्णात म्हणाला. "आदी एक खड्डा, त्यात गाळ बसंल. त्याच्या फुडं लांबडा, उथळ हौद खणायचा. तळाला चिकणमाती तुडवून घ्यायची, वर खडी भरायची आन खडीत पाणकणीस, लव्हाळा, कर्दळ लावायची. पाणी वर दिसायचंच न्हाय. खडीच्या पोटातनं सरकत जाईल आन पलीकडनं निवळ होऊन ओढ्याला लागंल. हिरीजवळ तळं साचायचं बंद."

"आन घाण कुठं जाती?"

"मुळ्यांवर जंतू वाढत्यात. ते खात्यात."

आत्तीनं इकडं तिकडं पाहिलं. "जंतू म्हणू नगंस. आदीच रोगराई म्हणून बोंब हाय. मुळ्या खात्यात म्हण."

"पर मुळ्या न्हाय खात, आक्का."

"तू कालेजात जंतू म्हण. हितं मुळ्या."

कृष्णातनं शास्त्राचा एवढा बळी दिला. पुढं सगळ्या गावाला तो मुळ्याच सांगत राहिला, मात्र प्रत्येक वेळी सांगताना त्याचा चेहरा दात दुखत असल्यासारखा व्हायचा.

विहिरीच्या वरच्या अंगाला गायरानाचा तुकडा होता. तिथं खणायला सुरुवात झाली. आत्तीनं वस्तीतल्या बायका जमवल्या, कुणी मागं राहिली तर आत्ती तिच्या दारात जाऊन फक्त तब्येत विचारायची; ती चौकशी सगळ्या गल्लीला ऐकू जायची, मग ती बाई फावडं घेऊन यायची. हायवेच्या कामाची उरलेली खडी कृष्णातनं मागून आणली. चिकणमाती आम्ही पायांनी तुडवली. मी रविवारी तुडवायची आणि सोमवारी वर्गात खुर्चीवरून उठताना विव्हळायची. ओढ्यातून पाणकणसाचे गड्डे आणून लावले. पौषात सगळं तयार झालं. आता वरची गटारं जोडून घेतली की काम संपलं.

आणि इथं मान आला.

हौद सुरू करायचा तर पहिलं पाणी कुणाचं सोडायचं? तुम्ही म्हणाल, सांडपाण्याला कसला मान. तुम्ही हुणशेवाडीचे नाही. आमच्याकडं चावडीत बैठक बसली. पाटलांच्या दोन पात्या, म्हणजे भाऊबंदांच्या दोन शाखा. थोरली गुंडूअण्णांची, धाकटी त्यांचे चुलतभाऊ भरमू पाटील यांची. दोघांचं बोलणं बंद होतं, म्हणून दोघेही कृष्णातकडं बघून एकमेकांशी भांडले.

"गावातलं कुठलंबी पहिलं काम थोरल्या पातीचं," गुंडूअण्णा म्हणाले. "हे आजचं न्हाय."

"गटार आमच्या दारातनं जातंय," भरमूअण्णा म्हणाले. "घाण आमी सोसायची आन मान त्येंचा?"

"अहो पण," कृष्णात म्हणाला, "गटारात सगळं पाणी एकच होतं. कुणाचं पहिलं हे पाण्याला कसं कळणार?"

 सगळ्या चावडीनं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू बिचाऱ्याचं शिक्षण जरा जास्तच झालं. मधल्या गल्लीतल्या एकानं कडी केली आणि आमचं पाणी शेवटी नको, मधे तरी घ्या, अशी विनंती केली. उद्घाटनाची पाटी कन्नडमध्ये लावायची की मराठीत यावरही तासभर गेला आणि शेवटी पाटीच नको यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं. गावात झालेलं तेवढं एकच एकमत.

तोडगा आत्तीनं काढला. दोन्ही पात्यांच्या घरून वेगळ्या चऱ्या खणायच्या, त्या थेट खड्ड्याच्या तोंडाशी आणायच्या आणि बँडचा ठोका पडला की दोघांनी एकदमच पाणी सोडायचं. दोघांचा मान पहिला. आत्तीच्या मनात एकेक बादली होती. ती तसं बोलली नाही, कारण सांडपाण्याची बादली याहून मोठं काही कुणाच्या मनात येईल हे तिच्या मनात आलं नाही.

वरच्या गल्लीत मात्र त्या दिवसापासून तयारी सुरू झाली. मान एकाच वेळचा असला तरी पाणी कुणाचं जास्त हे गाव बघणारच होतं. थोरल्या पातीत घरातल्या सगळ्या वाकळा धुवायला काढल्या. धाकट्या पातीत गोठाच धुऊन काढला, भिंतींसकट. पाहुण्यांना अंघोळीला बोलावलं. भरमूअण्णांचा एक जावई चिकोडीहून केवळ अंघोळीसाठी आला. आणि हे सगळं पाणी साठवायचं कशात? तर गुऱ्हाळाच्या काहिलींत. ज्या काहिलींत उसाचा रस उकळतो, त्यांत पाटलांनी वाकळांचं पाणी भरून ठेवलं. मष्णूआप्पा तेवढा एकदा म्हणाला, "आज वरनं कायबी येईना. वासच बंद झालाय." आत्तीला वाटलं, शुभशकुन झाला.

उद्घाटनाच्या सकाळी सगळा गाव गायरानात. आमच्या वस्तीनं हलगी वाजवायचं कधीच सोडलं होतं, म्हणून पाटलांनी संकेश्वरहून बँड आणला होता. लाल डगलेवाले बँडवाले गटाराच्या तोंडाशी उभे राहून नाकाला रुमाल लावायला हात रिकामा नाही म्हणून तळमळत होते. कृष्णात इस्त्रीची पँट घालून आला होता. आत्ती नवं पांढरं लुगडं नेसली होती आणि खड्ड्याच्या काठावर अशी उभी होती, जणू तिच्या लेकीचं लग्न आहे. ठोका पडला. वर दोन्हीकडं काहिली कलंडल्या.

पुढचं फार लवकर झालं. दोन बाजूंनी दोन काळे लोंढे आले, खड्डा एका घोटात भरला, बांध फुटला आणि खडी उपसत, पाणकणसं उपटत सगळं खाली निघालं. बँड वाजत होता. मोठा ढोलवाला गुडघाभर पाण्यात उभा राहून तरी वाजवतच होता, त्याला थांबा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. कृष्णात वाहत्या कर्दळीमागं पळाला, घसरला आणि इस्त्रीच्या पँटीसकट हौदात बसला. वर गुंडूअण्णा ओरडत होते, "आमचं आदी आलं!" आणि भरमूअण्णा, "ते आमचं!" पाण्यानं कुणाचंच ऐकलं नाही. ते बांधावरून उड्या घेत खाली गेलं आणि पायऱ्या उतरून सरळ विहिरीत शिरलं.

गावानं मनसोक्त हसून घेतलं. खोटं कशाला सांगू, ढोलवाल्याला बघून मीही हसले. मग आत्ती दिसली. ती विहिरीच्या काठावर बसली होती. पाण्यावर पाणकणसांचे गड्डे, खडीची माती आणि कुठल्या तरी वाकळेतून निघालेलं चिंध्यांचं बोचकं तरंगत होतं. आत्ती रडत होती, आणि आवाज येत नव्हता. तिच्या तोंडून आवाज न येता काही झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"बाचे हात सोलून निघालते गं हिच्यापायी," एवढंच ती म्हणाली.

गुंडूअण्णांनी जाता जाता सांगितलं की वैशाखात ट्रॉली येईल. वाईट वाटून सांगितलं, पण सांगितलं. कृष्णातनं चिखल निथळत पुन्हा सगळं करायला किती माणसं लागतील याचा हिशेब मांडायला घेतला आणि मधेच सोडून दिला. वस्तीतल्या बायका एकदा राबल्या होत्या, आता पुन्हा त्यांच्या दारात तब्येत विचारायला जायचा आत्तीला धीर नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी, मला शाळेत रजा टाकायला लावून, आत्ती मला घेऊन गुंडूअण्णांच्या घरी पुढच्या सोप्यात हजर. मला वाटलं, आता कबुतरं उडणार. तर आत्ती गोड बोलायला लागली आणि मी घाबरले.

"अण्णा, काल पहिलं पाणी तुमचंच आलं. मी डोळ्यानं बघिटलं."

गुंडूअण्णा खुलले. "तेच तर मी म्हणतोय! त्यो भरमू उगंच..."

"मग बेंदराला कसं असतंय, अण्णा? कर कोण तोडतंय?"

आमच्याकडं कर्नाटकी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, वेशीत पाल्याचा दोर आडवा बांधतात, त्याला कर म्हणतात, आणि मानाचा बैल धावत जाऊन तो तोडतो.

"आमचा बैल," गुंडूअण्णा म्हणाले.

"आन तो दोर वळून बांधतंय कोण?"

"आमीच. ज्याचा मान त्यानं बांधायचा. आदीपास्नं हाय ते."

"मग अण्णा," आत्ती म्हणाली, "पाण्याचा मान तुमचा, तर लावणीचा मान दुसऱ्याला कसा देऊ? धाकटी पाती मागाय लागलीया. मी म्हटलं, थांबा, आदी थोरल्या घरी इचारते."

धाकट्या पातीनं काहीही मागितलेलं नव्हतं. पण तासाभरानं आत्तीनं त्यांच्या सोप्यात बसून थोरल्या पातीचं नाव घेऊन हेच सांगितलं आणि मग त्यांनीही मागितलं.

त्या आठवड्यात हुणशेवाडीत जे दिसलं ते नंतर कधी दिसलं नाही. दोन्ही पात्यांचे पाटील धोतरं खोचून हौदात उतरले. बांध त्यांच्या गड्यांनी घातला, खडी त्यांच्या ट्रॅक्टरनं परत वर आणली, पण लावणीला गडी चालणार नाही, मान स्वतःच्या हाताचा, हे आत्तीनं आधीच बजावलं होतं. लावायच्या वेळी पुन्हा वाद निघाला. मानाची ओळ कुठली? वरच्या तोंडाजवळची की ओढ्याकडची? कृष्णात काही बोलायला गेला, आत्तीनं त्याला डोळ्यानं दाबलं.

"वरची," ती म्हणाली. "पाणी जिथं पहिलं शिरतंय, ती ओळ मानाची."

पाणी जिथं पहिलं शिरतं तिथं ते सगळ्यात घाण असतं. दोन्ही पाटील त्या ओळीसाठी खांद्याला खांदा लावून भांडत, कोपरापर्यंत हात खुपसून पाणकणीस लावत होते, आणि स्वच्छ ओळी मधल्या गल्लीतल्या साध्या माणसांना मिळाल्या. मष्णूआप्पा काठावर बसून हुंगत होता. "पाटलांचा वास ओळखू येईना झालाय," तो म्हणाला. "सगळे एकच लागाय लागल्यात." आत्तीनं त्याला गप्प केलं, पण हसू तिला आवरलं नाही.

पुन्हा वाहून जायला नको म्हणून कृष्णातनं आधी एकेका गल्लीचं पाणी थोडं थोडं सोडलं. माघात पाणकणसाला नवी पानं फुटली. फाल्गुनात कर्दळ तांबडी झाली आणि वरच्या गल्लीतल्या बायका देवाला तिची फुलं न्यायला येऊ लागल्या. ही फुलं कशावर पोसली ते त्यांना ठाऊक होतं, पण देवानं तक्रार केली नाही. पलीकडच्या तोंडातून निघणारं पाणी नितळ दिसू लागलं. आत्ती ते ओंजळीत घेऊन जो येईल त्याच्या नाकापुढं धरायची. एसटीचा कंडक्टर, कुंकू-बांगड्या विकणारा, शाळा तपासणारे साहेब, कुणी सुटलं नाही. "वास मारतंय का? खरं सांगा." साहेब दोन पावलं मागं सरले, मग हुंगून म्हणाले, नाही मारत. मला पुढं संकेश्वरच्या शाळेत त्यांच्यापुढंच उभं राहायचं होतं, मी जमीन बघत राहिले. पण ते पाणी प्यायचं नाही, फक्त झाडांना, हे कृष्णातनं इतक्या वेळा सांगितलं की वस्तीतली माणसं त्याला बघितलं की त्याच्याआधी तेच म्हणू लागली.

विहिरीभोवतीचं तळं आटलं. चैत्रात वस्तीनं विहीर उपसली, गाळ काढला, तळ धुऊन घेतला. नवे पाझर लागले. कृष्णात पाण्याची बाटली बेळगावला तपासायला घेऊन गेला आणि परत येऊन म्हणाला की पावडर टाकून प्यायला हरकत नाही. वस्ती प्यायला लागली. मष्णूआप्पानं पहिल्या तांब्याला नाक लावून बराच वेळ ठेवलं आणि म्हणाला, "कशाचाच वास न्हाय." आत्तीसाठी याहून मोठी पदवी नव्हती.

तरी ठराव उठला नव्हता. गुंडूअण्णांना आत्तीनं दोनदा विचारलं. ते म्हणाले, "वास गेला हे खरं. पर ठराव म्हंजी ठराव. माझ्या सहीचा हाय. आता मागं घेतला तर मान काय ऱ्हाईल?" आत्ती घरी आली आणि तिनं भांडी घासायला घेतली. त्या दिवशी तिनं इतकी भांडी घासली की शेजारणीनं आपली आणून दिली.

वैशाख संपत आला. उन्हानं गाव करपलं होतं. त्यात नळाच्या टाकीची मोटार जळाली. ती निपाणीला दुरुस्तीला गेली आणि तिकडचीच झाली. दोन्ही वरच्या गल्ल्यांचे नळ फुसफुस करून गप्प झाले. वरची जुनी विहीर, नळ आल्यावर कुणी बघितलीच नव्हती, ती गाळानं भरलेली. पहिल्या दिवशी बायकांनी शेजारच्या वाडीतून पाणी आणलं. दुसऱ्या दिवशी त्या उतरणीनं खाली आल्या.

सगळ्यात पुढं मालुबाई, गुंडूअण्णांची आई. ऐंशीच्या घरातली, काटक. विहिरीपासून थोडी लांबच थांबली, घागर कमरेला तशीच. या विहिरीशी कसं वागायचं ते तिला माहीत नव्हतं, कारण आयुष्यात ती इथं कधी आलीच नव्हती. आमच्या बायका रहाटाचा दोर तसाच धरून बघत राहिल्या. प्रत्येकीला आपल्या आजीकडून ऐकलेलं काहीतरी आठवत असावं. मला तरी आठवत होतं, आणि मला राग येत होता. मालुबाईचा नाही, सगळ्याचाच.

आत्ती पुढं झाली.

"मालुमावशी, रहाटाला हात लावा की. हितं कुणाला इचारावं लागत न्हाय. फकस्त रांगंत या."

मालुबाई मष्णूआप्पाच्या सुनेमागं जाऊन उभी राहिली. मग बाकीच्या आल्या. खालची एक, वरच्या दोन, मधली एक, अशी रांग विहिरीपासून वाटेपर्यंत गेली.

आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टरचा आवाज आला. गुंडूअण्णा ठरावाला पक्के. वैशाख म्हणाले होते, वैशाखात आले. मुरमाची ट्रॉली मागं आणि अण्णा ड्रायव्हरशेजारी मडगार्डवर. घरात पाणी नाही हे त्यांना कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं तरी ते बायकांचं काम म्हणून ऐकलं नसावं. ट्रॅक्टर थांबला. अण्णांनी विहीर पाहिली, रांग पाहिली, रांगेत आपली आई पाहिली. ते खाली उतरले. आणि त्यांना जे नेहमी सुचायचं तेच सुचलं.

"आई, तू मागं का? फुडं हो. ए, सरका गं जरा. पहिली घागर थोरल्या पातीची."

सगळ्यांनी आत्तीकडं पाहिलं. मी कानावर हात न्यायच्या बेतात होते. पण आत्तीनं आवाज चढवला नाही. इतकं हळू बोलली की रांगेतल्या मागच्या बायकांनी पुढच्यांना विचारलं, काय म्हणाली गं, आणि ते बोलणं तोंडातोंडी रांगेच्या शेवटापर्यंत गेलं.

"अण्णा, ह्या हिरीला मान न्हाय. रांग हाय."

गुंडूअण्णांनी आईकडं पाहिलं. ती काही बोलेल असं त्यांना वाटलं असणार. ती बोलली.

"गुंड्या, माझं पाय दुखाय लागल्यात. ही घागर धर आन जा तिकडं मागं."

अण्णांनी घागर घेतली. रांगेच्या शेवटी भरमू पाटलांची बायको उभी होती. तिच्यामागं, थोडं अंतर सोडून, ते उभे राहिले. कुणी हसलं नाही. रांग एका घागरीनं पुढं सरकली, तेही सरकले. सांडलेल्या पाण्यानं वाटेवर राड झाली होती आणि त्यांच्या कोल्हापुरी चपला त्यात रुतत होत्या.

ड्रायव्हरनं ट्रॅक्टर तसाच चालू ठेवला होता. बराच वेळ वाट बघून तो ओरडला, "अण्णा, मुरूम कुठं टाकू?"

गुंडूअण्णांनी एक पाय उचलून चप्पल पाहिली, दुसरा उचलून पाहिला.

"वाटंवर पसर," ते म्हणाले. "हितं उभं ऱ्हायला चिखल लई झालाय."